यूसीच्या वेळी शिल्लक जुळत नाही: दर एप्रिलची अडचण आणि फरक शोधायची रीत

लक्षण ओळखीचं आहे. देणगीदार कंपनीला उपयोगिता प्रमाणपत्र (दिलेले पैसे कशावर खर्च झाले आणि किती उरले याचा दाखला), म्हणजे आपल्या बोलीत यूसी, द्यायचं असतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून प्रकल्पाचा खर्च काढला, मिळालेल्या रकमेतून वजा केला, अखर्चित शिल्लक निघाली २,१४,२०० रुपये. बँकेचं स्टेटमेंट उघडलं तर खात्यात १,२१,६५०. तेवढ्यात सीएंच्या ऑफिसातून फोन, "ताई, मधले साडेब्याण्णव हजार कुठं आहेत?"

पुढे काय होतं तेही ओळखीचंच. कोणीतरी सुचवतं, एक जर्नल एंट्री (पैसे न हलता फक्त पुस्तकात होणारी नोंद) टाकून देऊ. ३१ मार्चच्या तारखेला ‘प्रकल्प खर्च समायोजन’ नावाची एंट्री पडते, कागद जुळतो, सगळे चहा पितात. पुढच्या एप्रिलला तोच फरक अंगानं भरून परत येतो.

मी मराठवाड्यातल्या दोन लहान स्वयंसेवी संस्थांचे हिशेब बघते. तिसऱ्या एका संस्थेचं गाठोडं गेल्या वर्षी सोडवून दिलं. वरचा प्रसंग तिथलाच. ओळख पटू नये म्हणून आकडे तेवढे बदललेत. तिथं जे सापडलं ते मला जवळजवळ प्रत्येक संस्थेत सापडतं. फरक एप्रिलमध्ये दिसतो, पण झालेला असतो जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत. व्हाउचर लिहिताना "हे कोणाच्या पैशातून?" असं त्या दिवशी कोणी विचारलेलं नसतं.

आधी तेरीज (दोन्ही बाजूंची मांडणी), मग शोधाशोध

पहिला गैरसमज काढून टाका. अनुदानाची शिल्लक आणि बँकेची शिल्लक सारखी असायलाच हवी असं नाही. मार्चचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला आयकर) ३० एप्रिलपर्यंत. म्हणजे खर्च नोंदला गेला तरी पैसे खात्यातच असतात. उलट कार्यकर्त्याला दिलेली उचल, म्हणजे कामासाठीची आगाऊ रक्कम, खात्यातून गेलेली असते, पण खर्चात आलेली नसते. त्यामुळे बघायचं समीकरण असं: बँक आणि रोख, त्यात येणं मिळवा, देणं वजा करा, उत्तर अनुदानाच्या शिल्लकेइतकं आलं पाहिजे.

त्या संस्थेच्या सीएसआर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतल्या) प्रकल्पाची एक बाजू अशी होती:

वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक: १,४०,०००
वर्षात मिळालेलं अनुदान: १२,००,०००
बचत खात्याचं व्याज: ९,२००
पुस्तकातला खर्च: ११,३५,०००
शिल्लक: २,१४,२००

आणि दुसरी बाजू:

बँक: १,२१,६५०
कार्यकर्तीकडची उचल: ३५,००० (मिळवा)
देणं: पीएफ १३,०००, टीडीएस ६,०००, जीपचं मार्चचं भाडं २,४५०, एकूण २१,४५० (वजा करा)
उत्तर: १,३५,२००

म्हणजे साडेब्याण्णव हजारांचा बाऊ करायचं कारण नव्हतं. खरा हरवलेला आकडा ७९,०००. ही दोन बाजूंची मांडणी केल्याशिवाय व्हाउचरच्या फायली उपसायला बसू नका. मी एकदा बसले होते. दोन दिवस गेले आणि शेवटी कळलं की फरक नुसता टीडीएसचा होता.

आता ही मांडणी प्रत्येक प्रकल्पाची वेगवेगळी करा, शेवटी संस्थेच्या स्वतःच्या निधीचीही करा. सगळ्या शिलकांची बेरीज ताळेबंदाशी जुळली आणि एका प्रकल्पात खड्डा असला, तर दुसऱ्या कुठल्यातरी प्रकल्पात तेवढाच उंचवटा असणार. माती संस्थेच्या बाहेर गेलेली नसते, एका वाफ्यातली दुसऱ्या वाफ्यात पडलेली असते. बेरीजच जुळली नाही तर प्रकरण वेगळं. मग बँक ताळमेळापासून, म्हणजे पुस्तक आणि बँक स्टेटमेंट ओळीनं ताडून पाहण्यापासून सुरुवात.

उचल: पिशवीतली बिलं

पस्तीस हजारांची उचल एका कार्यकर्त्या ताईंच्या नावावर जानेवारीपासून उभी होती. फोन केला तर म्हणाल्या, "बिलं आहेत की मॅडम, पिशवीत ठेवलीत." पिशवी म्हणजे कापड दुकानाची प्लास्टिकची. टेबलावर ओतली. मंडपवाल्याची पावती, किराणा दुकानाची दोन बिलं, जीपवाल्यानं वहीच्या पानावर लिहून दिलेलं भाडं, प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक (निळ्या शाईचे अंगठे, एकावर चहाचा डाग), आणि पेट्रोलपंपाच्या पाच चिठ्ठ्या. या पाचही चिठ्ठ्या कोऱ्या. छापलेलं सगळं उडून गेलेलं. पंपावरच्या त्या चकचकीत कागदावरची छपाई उन्हात आणि प्लास्टिकमध्ये टिकत नाही. ज्या दिवशी मिळते त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून मूळ चिठ्ठीसोबत टाचायची असते.

हिशेब असा लागला. धरता येण्यासारखी बिलं २८,४००. ताईंनी पाकिटात जपून ठेवलेली रोख ४,१००. राहिले २,५००, ते कोऱ्या चिठ्ठ्यांचे. सुदैवानं पेट्रोलचे पैसे त्यांनी फोनवरून दिले होते. फोनमधल्या व्यवहारांच्या यादीत तारखा आणि रकमा सापडल्या, त्या गाडीच्या लॉगबुकातल्या किलोमीटरशी ताडून पाहिल्या, तसं टिपण लिहून अध्यक्षांची सही घेतली आणि चिठ्ठ्यांसोबत लावलं. ३०,९०० खर्चात गेले. ४,१०० ताईंनी एप्रिलमध्ये खात्यात भरले, म्हणून ३१ मार्चला ते उचल म्हणूनच दाखवले. प्रकल्पाची अखर्चित शिल्लक २,१४,२०० वरून १,८३,३०० वर आली. यूसीवर जायला हवा तो आकडा हा.

उचलीच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही संस्था उचल दिली त्याच दिवशी ती खर्चात टाकतात, म्हणजे ‘प्रशिक्षण खर्च ३५,०००’ आणि विषय संपला. मग उरलेली रोख परत आली की ती कुठं दाखवायची कळत नाही. ती कधी ‘इतर जमा’ होते, कधी होतच नाही. दुसऱ्या टोकाला उचल महिनोन् महिने उभी राहते. उपाय जुनाच आहे: उचल व्यक्तीच्या नावावर, कामाच्या नावासकट, काम झाल्यापासून सात दिवसांत हिशेब, आणि पहिली उचल फेडल्याशिवाय दुसरी नाही. तिसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड, कारण पुढचा कार्यक्रम परवावर आलेला असतो आणि कार्यकर्ता दारात उभा असतो. तरी पाळा. मी अशा वेळी नवी उचल न देता मंडपवाल्याला थेट बँकेतून पैसे पाठवते.

थेट पैसे पाठवण्याला आणखी एक कारण आहे. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात ती रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरली जात नाही. मंडपवाल्याला १४,००० रोख देऊन दोन तारखांची दोन व्हाउचरं करायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, लेखापरीक्षकांनाही.

खेड्यात पक्कं बिल मिळत नाही ही अडचण खरी आहे, आणि देणगीदारांच्या शहरी ऑफिसांना ती पटवताना जीव मेटाकुटीला येतो. जीपवाला, भाकरी करून देणारा बचत गट, शेणखत देणारा शेतकरी, हे बिल कुठून देणार? इथं संस्थेचं स्वतःचं छापील व्हाउचर चालतं, फक्त त्यावर नाव, गाव, मोबाइल, गाडी असेल तर तिचा नंबर, कुठून कुठं, किती किलोमीटर आणि सही किंवा अंगठा हवा. मी अडकलेली पाहिली ती व्हाउचरं तारखेवर अडकली: प्रशिक्षण २ तारखेचं, चहाचं बिल १२ तारखेचं.

याची टोपी त्याला

आता ते ७९,०००. सीएसआर प्रकल्पाच्या खात्यातून १५,००० संस्थेच्या लेखापरीक्षणाची फी म्हणून गेले होते. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लेखापरीक्षणाचं शीर्षच नव्हतं. त्या दिवशी पैसे ‘त्याच खात्यात होते’ म्हणून तिथून दिले. उरलेले ६४,००० म्हणजे एका सरकारी प्रकल्पातल्या दोन कार्यकर्त्यांचा दोन महिन्यांचा पगार, १६,००० प्रमाणे. सरकारी हप्ता अडकला होता. दिवाळी तोंडावर होती. अध्यक्ष सर म्हणाले, "आत्ता देऊन टाका, हप्ता आला की वळते करू." हप्ता आला नाही, वळते करणं राहिलं, आणि पुस्तकात तो पगार सरकारी प्रकल्पाच्या खर्चात बरोबर नोंदला गेल्यामुळे खर्चाचे आकडे बघून कोणाला शंकाही आली नाही. बँक एकाची, खर्च दुसऱ्याचा. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा आणि सगळ्यात उशिरा सापडणारा दोष हाच.

सरांचा हेतू वाईट नव्हता हे मी लिहायला हवं. दोन घरांत दिवाळीला पगार गेला. पण सीएसआरच्या पैशाला मागे साखळी असते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या नियमांनुसार, आपण पैसे मंजूर कामावर आणि मंजूर पद्धतीनं वापरले याचं प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला त्यांच्या संचालक मंडळापुढे द्यावं लागतं. नुसते संस्थेला पैसे पाठवले म्हणून कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं धरलं जात नाही. संस्थेनं ते वापरावे लागतात. चालू प्रकल्पातली वर्षअखेरची न वापरलेली रक्कम मार्च संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या मॅडम रोज दोनदा फोन का करतात, ते आता लक्षात येईल. आपल्या यूसीवर त्यांच्या माणसाची सही उभी असते.

परदेशी निधीच्या खात्याबाबत तर ‘तात्पुरतं’ हा शब्दच नाही. एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर सगळा परदेशी निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. त्या पैशातून स्थानिक प्रकल्पाचा पगार दिला आणि चार दिवसांत परत भरला, तरी उल्लंघन दोनदा झालं: पैसे जाताना एकदा, आणि स्थानिक पैसे त्या खात्यात भरताना पुन्हा. कारण त्या खात्यात परदेशी निधीशिवाय दुसरं काही जमा करायला परवानगी नाही. एका संस्थेत हे अगदी साध्या चुकीनं झालं. ऑफिसच्या भिंतीवर दोन क्यूआर कोड चिकटवलेले होते. कार्यकर्त्यानं स्थानिक प्रकल्पाची उरलेली उचल, साताठशे रुपये, इमानदारीनं परत केली, पण चुकीचा कोड स्कॅन करून. परदेशी निधीचा कोड भिंतीवरून काढा. आजच काढा.

मग हप्ता अडकल्यावर पगार कुठून द्यायचा? संस्थेच्या स्वतःच्या निधीतून. स्वतःचा निधी म्हणजे सभासद वर्गणी, बिनअटीची देणगी, प्रशिक्षण केंद्राचं भाडं, असं काहीही. त्यातून दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला असावी. हे सांगणं सोपं आहे, मला माहीत आहे. अनेक संस्थांकडे ती नसते, आणि मग अध्यक्ष किंवा सचिव घरातून पैसे घालतात. इथं एक खाच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६अ नुसार विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हातउसने पैसे ताळेबंदात ‘अध्यक्षांकडून कर्ज’ म्हणून दिसले की लेखापरीक्षक तिथं बोट ठेवतात. सरांनी देणगी म्हणून दिले तर पावती फाडा आणि विषय तिथंच मिटवा. परत हवे असतील तर आधी परवानगीचं बघा.

एक माणूस, एकशेदहा टक्के

हा दोष बँकेत दिसत नाही, त्यामुळे वरची मांडणी जुळली तरी तो राहू शकतो. समन्वयकाचा पगार २२,०००. कंपनीच्या अंदाजपत्रकात त्याचे ६० टक्के, परदेशी देणगीदाराच्या अंदाजपत्रकात ५० टक्के. दोन्ही प्रस्ताव वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिले. बेरीज कोणी केलीच नाही. दर महिन्याला २,२०० जादा, वर्षाला २६,४००. दोन्ही देणगीदारांना आपापल्या कागदात चूक दिसत नाही. दोघांचे लेखापरीक्षक एकाच वर्षी आले की दिसते.

एक तक्ता करा. डावीकडे माणसं, वर प्रकल्प, उजवीकडे बेरीज. प्रत्येक ओळीची बेरीज १०० यायला हवी. कमी आली तर उरलेला भार संस्थेच्या निधीवर, जास्त आली तर आजच देणगीदाराला ईमेल. नवा प्रस्ताव लिहायला घेताना हा तक्ता शेजारी उघडा ठेवा. आणि टक्केवारी लावली असेल तर तिला आधार म्हणून महिन्याचं वेळपत्रक हवं, ज्यावर त्या माणसाची आणि त्याच्या वरिष्ठाची सही आहे. वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली बारा वेळपत्रकं मी पाहिली आहेत. शाई बोलते.

परदेशी निधीत पगाराची आणखी एक गुंतागुंत आहे. देणगीदारानं हिशेबनिसाचा पगार ‘कार्यक्रम खर्च’ या शीर्षाखाली मंजूर केला असला, तरी एफसीआरएच्या नियमांत हिशेब ठेवण्याचा खर्च, ऑफिसचं भाडं, व्यवस्थापनातल्या माणसांचे पगार हे प्रशासकीय. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार तसा नाही, कारण तो थेट उद्दिष्टावरचा. म्हणजे देणगीदाराच्या अहवालात एक वर्गवारी आणि एफसी-४ या परदेशी निधीच्या वार्षिक विवरणात दुसरी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. अट एकच: एकीवरून दुसरीवर कसं आलो त्याचा कागद फाईलला असावा.

एकाच खर्चाचे चार आकडे

हे पुष्कळांना घाबरवतं, पण बहुतेक वेळा यात चूक नसते. लॅपटॉप घेतला ४५,००० चा. यूसीत तो पूर्ण खर्च. ताळेबंदात तो मालमत्ता, आणि उत्पन्न-खर्च पत्रकात फक्त घसारा, म्हणजे वापरानं दरवर्षी घटणारी किंमत. आयकरात खरेदीची रक्कम उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरली, तर त्याच वस्तूवर पुन्हा घसारा मागता येत नाही. यूसीत घसारा कधीच टाकायचा नाही, तरी तो दरवर्षी कुठल्यातरी यूसीत सापडतोच. तसंच न दिलेल्या बिलांचं: देणगीदाराच्या अहवालात मार्चचं जीपभाडं खर्च म्हणून येतं, आयकरात मात्र २०२२ च्या दुरुस्तीपासून प्रत्यक्ष दिलेली रक्कमच त्या वर्षाचा खर्च. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने क्रमांक पाठ असतील तर सीएंना विचारूनच लिहा.

परदेशी देणगीदाराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असलं आणि करार युरोत असला, तर आणखी दोन आकडे वाढतात. रुपयांत किती आले ते बँकेच्या पत्रावरून घ्या, त्या दिवशी गुगलनं दाखवलेल्या दरावरून नको. करारात अहवालाचा दर कसा धरायचा ते लिहिलेलं असतं. ते कलम प्रत्यक्ष वाचा.

या सगळ्यावर उतारा म्हणजे एक पान. वर यूसीतला खर्च, खाली एकेक फरक (मालमत्ता, घसारा, न दिलेली बिलं, वर्षाचा फरक), तळाला लेखापरीक्षित आकडा. धर्मादाय कार्यालयात जाणारी अनुसूची ८ आणि ९ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक), आयकराचा १०बी किंवा १०बीबी लेखापरीक्षण अहवाल, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा एफसी-४, सगळ्यांसाठी हेच पान पाया. हे पान ज्या संस्थेत आहे तिथं लेखापरीक्षण मला दोन दिवसांत संपताना दिसतं.

व्याजाचं थोडक्यात. परदेशी निधीवरचं व्याज हा परदेशी निधीच. केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याज सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ च्या नियम २३० प्रमाणे हिशेब पक्के झाले की सरकारजमा करायचं. ते संस्थेचं उत्पन्न समजून वापरलं तर वसुली येते. सीएसआरचं व्याज करार सांगेल तसं, आणि करार गप्प असेल तर मी त्याच प्रकल्पात मिळवते. एकाच बँक खात्यात चार प्रकल्प असतील तर व्याज वाटायचं कसं, हा वाद दर तिमाहीला उगवतो. शक्य तिथं खातंच वेगळं काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून

एक रबरी शिक्का करून घ्या. त्यावर तीन ओळी: प्रकल्प, अंदाजपत्रकातलं शीर्ष, व्हाउचर क्रमांक. मूळ बिलावरच मारायचा, व्हाउचरवर नाही. मूळ बिलावर एकदा प्रकल्पाचं नाव उमटलं की तेच बिल दुसऱ्या देणगीदाराला दाखवता येत नाही, आणि तीन महिन्यांनी ‘हे कशातलं?’ असं विचारायची वेळ येत नाही. टॅलीत प्रत्येक प्रकल्प कॉस्ट सेंटर (खर्च कोणाचा ते सांगणारा कप्पा) म्हणून उघडा आणि खर्चाच्या खात्यांना ते भरणं सक्तीचं करा. रिकामं सोडलं तर व्हाउचर पुढे जाऊच नये. ‘इतर’ नावाचं कॉस्ट सेंटर काढू नका. काढलंत तर जूनपर्यंत अर्धी संस्था त्यात राहायला जाईल.

आणि ती दोन बाजूंची मांडणी दर महिन्याच्या १० तारखेला. टीडीएस ७ तारखेपर्यंत भरून झालेला असतो, बँकेचं स्टेटमेंट हातात असतं. एका प्रकल्पाला वीस मिनिटं लागतात. पान छापून अध्यक्ष आणि खजिनदार दोघांची सही. ‘दुसऱ्या प्रकल्पाकडून येणं’ या ओळीत शून्याशिवाय काही दिसलं, की त्याच बैठकीत ते कधी आणि कशातून परत येणार हे ठरावात लिहायचं.

यूसी आधीच गेली असेल तर

त्या संस्थेत नेमकं हेच झालं होतं. चुकीच्या २,१४,२०० ची यूसी पाठवून झाली होती आणि शिल्लक ‘प्रकल्पाच्या बँक खात्यात जमा आहे’ असं वाक्यही त्यात होतं. गप्प बसावं असं कार्यकारिणीतल्या दोघांचं मत पडलं. मी म्हटलं, कंपनीनं बँक स्टेटमेंट मागितलं की पंधरा मिनिटांत कळेल, आणि मग विषय ७९,००० चा राहणार नाही.

संस्थेच्या स्वतःच्या निधीत त्या दिवशी ४०,००० होते. ते १२ एप्रिलला प्रकल्पाच्या खात्यात भरले. राहिले ३९,०००. मग सुधारित यूसी आणि सोबत हे पत्र:

"आपणांस पाठवलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रात अखर्चित शिल्लक २,१४,२०० रुपये दाखवली होती. जानेवारीतील प्रशिक्षणाचा ३०,९०० रुपयांचा खर्च नोंदवायचा राहिल्याने ती चुकली. योग्य शिल्लक १,८३,३०० रुपये आहे. यांपैकी ७९,००० रुपये ३१ मार्च रोजी प्रकल्पाच्या खात्यात नव्हते. ते अन्य प्रकल्पातील पगार व संस्थेची लेखापरीक्षण फी यांसाठी आपल्या परवानगीशिवाय वापरले गेले. ४०,००० रुपये १२ एप्रिल रोजी परत जमा केले आहेत. उर्वरित ३९,००० रुपये ३० जूनपर्यंत जमा करू. बँक स्टेटमेंट आणि कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडला आहे."

पत्रात ‘अनवधानाने’ हा शब्द अध्यक्ष सरांना घालायचा होता. मी काढायला लावला, कारण पगार अनवधानानं दिला जात नाही. कंपनीकडून दोन प्रश्न आले, एक तासाचा फोन झाला, आणि पुढचा हप्ता पैसे पूर्ण भरेपर्यंत थांबला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरले, जुलैत हप्ता आला. प्रकल्प चालू आहे.

असं पत्र पाठवायची वेळ आलीच तर ते ईमेलनं आणि कागदावर, दोन्हीनं पाठवा. पोच घेऊन यूसीच्या फाईलला लावा, सुधारित यूसीवर ‘सुधारित’ असं ठळक लिहा आणि जुनी प्रत फाडून टाकू नका. सही अध्यक्ष आणि खजिनदारांची घ्या; एकट्या हिशेबनिसाच्या सहीनं हे पत्र जाऊ देऊ नका.